डावखुऱ्या अण्णांसाठी डाव्या चावीचं घड्याळ घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, म्हणजे अण्णा, उदगीरचे निवृत्त शिक्षक, जन्मापासून डावखुरे. लहानपणी शाळेत डाव्या हातावर छड्या खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकले, बाकी सगळी कामं आजही डाव्यानेच. नोकरी लागल्यावर घेतलेलं एचएमटी पायलट अजून त्यांच्या उजव्या मनगटावर आहे. यंदा पंचाहत्तरी. मुलगा नांदेडला, मुलगी न्यू जर्सीत. दोघांनी मिळून पैसे बाजूला काढलेत. चावी (बाजूची फिरवायची घुंडी) डाव्या बाजूला असलेलं रोलेक्स किंवा ट्युडर हे स्विस घड्याळ अण्णांना द्यावं का, आपल्याकडच्या हवेत ते टिकेल का आणि बिघडलं तर न्यायचं कुठं, असं मुलाने विचारलं आहे.

मी लातूरला गंजगोलाईजवळ चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. पैशाचं नंतर बोलू. आधी एक काम करा. अण्णांना न सांगता दोन-तीन दिवस ते घड्याळाला चावी कशी देतात ते बघा. मनगटावर असतानाच देतात की काढून? काढून देत असतील तर घड्याळ धरतात कसं, बाराचा आकडा वर की खाली? माझ्याकडे डावखुरं गिऱ्हाईक आलं की मी आधी हेच विचारतो. माणूस डावखुरा आहे एवढ्यावरून घड्याळ ठरत नाही. ते कुठल्या मनगटावर बसतं आणि चावीला रोज किती वेळा हात लागतो, त्यावर ठरतं.

चावी तीनच्या बाजूला का असते ते बघा. खिशातल्या घड्याळात ती बहुतेक वेळा बाराच्या डोक्यावर असायची. घड्याळ मनगटावर आलं तेव्हा बहुतेक लोक उजव्या हाताचे, म्हणून ते डाव्या मनगटावर बांधलं गेलं, आणि उजव्या हाताच्या चिमटीत सहज यावी म्हणून चावी पंजाच्या बाजूला ठेवली. दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. त्याचा विचार या मांडणीत कुणी केला नाही. तो तेच घड्याळ उजव्या मनगटावर बांधतो, आणि मग तीनची बाजू पंजाकडे न राहता कोपराकडे जाते. स्वतःच्या हातावर बांधून बघा, लगेच कळेल.

याचा एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा की चावी मनगटाच्या मागच्या बाजूला गेल्यामुळे हात वाकवला तरी ती टोचत नाही. तोटा असा की चावी द्यायला डावा हात तबकडीवरून पलीकडे न्यावा लागतो आणि बोटं वाकडी करून मागून चिमटी घालावी लागते. ती चिमटी कधीच सरळ पडत नाही. चावी थोडी ओढली जाते, थोडी दाबली जाते. एचएमटीला रोज सकाळी चावी लागते, म्हणजे वर्षातून ३६५ वेळा ही ओढाताण. डावखुऱ्या माणसांची जुनी घड्याळं उघडली की मला चावीची नळी एका बाजूने झिजलेली दिसते, भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं. त्या फटीतून धूळ आत जाते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. तेलात मिसळली की तिचं खरकागदासारखं होतं आणि चाकांचे आस खाऊन टाकते. कारखान्यातून घड्याळ चांगलं आलेलं असतं, ते खराब होतं या एका सवयीने.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते उस्ताद मनगटावरच्या घड्याळाला कधीच चावी देऊ द्यायचे नाहीत. माणूस उजवा असो की डावा, घड्याळ काढा, हातात धरा, मग चावी द्या. डावखुऱ्यांना ते एक साधी गोष्ट दाखवायचे: घड्याळ काढून सहाचा आकडा वर करून उजव्या हातात धरा. चावी आपोआप डावीकडे येते आणि डाव्या हाताच्या चिमटीत सरळ बसते. अण्णांना हे सुचलेलं असण्याची शक्यता खूप आहे, पन्नास वर्षं एकच घड्याळ चालवलेला माणूस आपली वाट शोधतो. ते असं करत असतील तर चावी देण्याचा त्यांचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. उरतो फक्त वेळ लावण्याचा प्रश्न, कारण तबकडी उलटी असताना काटे नेमके लावणं अवघड जातं. मिनिटाचा काटा पंचवीसवर आहे की पस्तीसवर, उलट्या तबकडीवर पटकन कळत नाही, आणि पंचाहत्तरीच्या डोळ्यांना तर नाहीच.

आता डाव्या चावीची घड्याळं. बहुतेक वेळा कंपनी वेगळं मशीन बनवत नाही. आहे तेच मशीन केसमध्ये १८० अंश फिरवून बसवते. वाचायला सोपं वाटतं, पण गुंतागुंत तारखेपाशी सुरू होते. तारखेच्या चकतीवर ३१ आकडे असतात. मशीन अर्धं फिरवलं आणि तारखेची खिडकी तबकडीवर तीनलाच ठेवली, तर आकडे सरळ दिसतात, पण ३१ ही विषम संख्या असल्यामुळे खिडकीसमोर आकडा न येता दोन आकड्यांमधली रिकामी जागा येते. म्हणजे चकती अर्ध्या घराने सरकवून छापावी लागते. खिडकी मशीनसोबत फिरवून नऊला नेली, तर आकडा बरोबर समोर येतो पण उलटा दिसतो, म्हणजे मग आकडे उलटे छापलेली चकती करावी लागते. सेकंदाची छोटी तबकडी असलेल्या मशीनमध्येही असंच. युनिटास ६४९७ या मशीनमध्ये ती नऊला असते, फिरवल्यावर तीनला जाते. ६४९८ मध्ये सहाला असते, ती बाराच्या खाली येऊन बसते.

हे इतकं खोलात सांगतो आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ परदेशी डाव्या चावीचं घड्याळ घेऊन आले. तारखेची चकती खराब झाली म्हणून एका दुकानात बदलून घेतली होती, आणि तेव्हापासून खिडकीत सगळे आकडे उलटे दिसत होते. बदलणाऱ्याने त्याच मशीनची साधी चकती टाकली होती. मशीन तेच, चकती बसलीही बरोबर, पण हे घड्याळ फिरवलेलं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. मूळ चकती फेकून दिलेली. तशी चकती पुन्हा मिळवणं माझ्या हातात नव्हतं. ते गृहस्थ घड्याळ तसंच घेऊन गेले, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

चावी फिरवण्याची दिशा हा आणखी एक मुद्दा, दुकानात कुणी सांगणार नाही म्हणून लिहितो. चावीच्या टोकाकडून बघितलं तर घड्याळ नेहमी उजवीकडे फिरवल्यावरच भरतं. साधं घड्याळ तबकडी वर करून धरलं, तर चावी देताना तिचा वरचा भाग आपल्यापासून दूर, बाराकडे जातो. चावी डावीकडे आली की तोच वरचा भाग आपल्याकडे, सहाकडे येतो. अण्णा घड्याळ उलटं धरून चावी देत असतील तर त्यांच्या बोटांना हीच दिशा सवयीची आहे. मनगटावरच देत असतील, तर पहिले काही दिवस हात चुकेल. रोलेक्स, ट्युडरसारख्या घड्याळात चावी आट्यांवर घट्ट बसवायची असते, आणि तिथं हात चुकला तर आटे वाकडे बसून खराब होतात. त्यावर उपाय असा: चावी आत दाबून आधी उलटी, हलक्या हाताने फिरवायची. आटा आट्यात उतरल्याचा बारीकसा टक जाणवतो. मग सरळ फिरवायची. जोर लागला तर थांबायचं, उलट फिरवून पुन्हा सुरुवात करायची.

बाजारात काय काय आलं ते सांगतो, पण तुमच्या कामाचं आहे तेवढंच.

रोलेक्सने २०२२ मध्ये जीएमटी-मास्टर टू डाव्या चावीत आणलं. हिरवी-काळी कडा, ४० मिलिमीटरची पोलादी केस, १०० मीटरपर्यंत पाणी सोसणारं. आत ३२८५ क्रमांकाचं ऑटोमॅटिक मशीन, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणारं, पूर्ण भरल्यावर साधारण ७० तास चालणारं. तारखेची खिडकी नऊला नेली आहे आणि तिच्यावरचं भिंगही तिकडेच. आकडा अडीचपट मोठा दिसतो, जो अण्णांच्या वयाला उपयोगी आहे. चावीची बाजू बदलल्यामुळे अचूकता तपासताना घड्याळ ज्या स्थितींत ठेवतात, त्यातही कंपनीला फेरबदल करावा लागला. पुढे २०२५ मध्ये हेच पांढऱ्या सोन्यात हिरव्या सिरॅमिक तबकडीसह आलं. ते तुमच्या विचारातही नसेल.

ट्युडरचं पेलागोस एलएचडी २०१६ मध्ये आलं. ४२ मिलिमीटर, टायटॅनियमचं, ५०० मीटरपर्यंत चालणारं, खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बनवलेलं. ट्युडरने पूर्वी फ्रेंच नौदलातल्या बुडी मारणाऱ्या जवानांसाठी डाव्या चावीची घड्याळं केली होती, त्यांची ही आठवण. तारीख तीनलाच ठेवली आहे, आकडे एकाआड एक लाल आणि काळे. टायटॅनियम पोलादापेक्षा बरंच हलकं, हातावर ओझं होत नाही. पण अण्णांचं पायलट जेमतेम ३५ मिलिमीटरचं आहे. ४२ मिलिमीटरचं घड्याळ त्यांच्या मनगटावर कसं दिसेल, ते आधी बघा.

बाकीच्या डाव्या चावीच्या घड्याळांबद्दल एक गोष्ट समजून घ्या. चावी डावीकडे दिसली म्हणजे घड्याळ डावखुऱ्यांसाठीच बनवलं, असं नाही. १९६९ च्या होयर मोनॅकोची चावी डावीकडे आहे, पण स्टॉपवॉचची बटणं उजवीकडे. त्यातल्या कॅलिबर ११ मशीनची रचना तशी होती आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे रोज चावी द्यायची गरजच नव्हती. १९९७ चं झिन ईझेडएम १ जर्मन सीमाशुल्काच्या विशेष पथकासाठी केलेलं; त्यात चावी आणि बटणं दोन्ही डावीकडे, डाव्या मनगटावर बांधल्यावर हाताला अडू नयेत म्हणून. पानेराईच्या डाव्या चावीच्या घड्याळांना डेस्ट्रो म्हणतात. इटालियन भाषेत त्याचा अर्थ उजवा. इटालियन नौदलाचे पाणबुडे डाव्या मनगटावर होकायंत्र आणि खोलीमापक बांधायचे, घड्याळ उजव्या मनगटावर जायचं, म्हणून हे नाव. माणूस उजव्या हाताचाच, फक्त मनगट बदललेलं.

झिनच्या उदाहरणात एक गोष्ट दडलेली आहे, आणि तुमच्या निर्णयात मी तिला सगळ्यात जास्त वजन देईन. डाव्या चावीचं घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं तर चावी कोपराकडे जाते, टोचत नाही. पण अण्णा ते उजव्या मनगटावर बांधणार. तिथं चावी पंजाकडे येते. पन्नास वर्षं ज्या पंजाच्या मुळाशी चावी कधी टोचली नाही, तिथं आता आट्याची जाड चावी आणि तिला जपणाऱ्या केसच्या उंच कडा येणार. आपल्याकडची वयस्कर माणसं जमिनीवरून उठताना तळहात टेकून उठतात. सतरंजीवरून, देवघरातून, ओसरीवरून. त्या वेळी मनगट पूर्ण मागे वाकतं आणि चावी हाताच्या पाठीत रुतते. उजव्या हाताच्या माणसाला हे डाव्या मनगटावर कायम सहन करावं लागतं, म्हणून त्याला त्याचं काही वाटत नाही. अण्णांना वाटेल. म्हणून दुकानात घड्याळ नुसतं आरशात बघू नका. त्यांना उजव्या मनगटावर बांधू द्या, पंधरा मिनिटं राहू द्या, आणि खुर्चीच्या हातावर तळहात टेकवून दोन-तीनदा उठायला सांगा. रुतलं तर ते लगेच सांगतील.

याचा अर्थ भेट अचानक देता येणार नाही. तो आनंद सोडा. त्यांना सोबत न्या.

दुसरं, जीएमटीचं. तुमची बहीण न्यू जर्सीत आहे म्हणून तुम्ही त्या घड्याळाकडे वळला असाल, तर विचार चांगला आहे. चौथा काटा २४ तासांत एक फेरी मारतो आणि कडेवरच्या आकड्यांवरून दुसऱ्या देशाची वेळ दाखवतो. पण भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि या घड्याळात तास पूर्ण तासांनीच सरकतो. मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच. न्यू जर्सी आपल्यापेक्षा त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे चौथ्या काट्यावर जी वेळ दिसेल तिच्यात अण्णांना अर्धा तास मनाने धरावा लागणार. शिक्षक आहेत, करतील. पण दुकानदार सांगतो तसं एका नजरेत अमेरिका दिसत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. हे घड्याळ खरं उपयोगी पडतं प्रवासात, आणि डावी चावी खरी उपयोगी पडते तीही तेव्हाच. विमानातून उतरल्यावर तबकडी सरळ समोर धरून, डाव्या हाताने, तासाचा काटा टकटक करत पुढे-मागे नेता येतो; वरचा अर्धा तास तेवढा मिनिटकाट्याने वेगळा लावावा लागतो. अण्णा दरवर्षी मुलीकडे जाणार असतील तर त्यांच्यासाठी हे घड्याळ सार्थकी लागेल. उदगीरलाच राहणार असतील तर हिशोब वेगळा आहे: हातावर रोज असलेल्या ऑटोमॅटिकला चावी द्यावीच लागत नाही. तारीख तेवढी वर्षातून पाच वेळा पुढे करायची, फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर. एचएमटीच्या ३६५ वेळांच्या जागी पाच. (या रोलेक्समध्ये तारीख बदलायला तासाचा काटाच मध्यरात्रीपलीकडे न्यावा लागतो, वेगळी सोय नाही. ट्युडरमध्ये तारीख थेट बदलता येते.)

मराठवाड्याच्या हवेची काळजी तुम्ही वाटते त्यापेक्षा कमी करा. स्वित्झर्लंडच्या अधिकृत कसोटीत मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश अशा तीन तापमानांत तपासतात, आणि दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच सूट असते. आपला मे महिना ३८ च्या पुढे जातो हे खरं, पण हातावर असलेलं घड्याळ शरीराच्या उबेपाशी राहतं. त्रास होतो तो ते काढून ठेवलं तर: पत्र्याखालच्या खिडकीत, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर. तिथं तेल पातळ होऊन जागा सोडतं. घाम आणि बोअरचं जड पाणी यांचा थर चावीच्या आट्यांवर आणि पट्ट्याच्या सांध्यांत साचतो. चावी घट्ट बंद आहे याची खात्री करून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. चामडी पट्टा आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, धातूचाच घ्या. चुंबकापासून मात्र जपा. मोबाइलच्या चुंबकवाल्या पाकिटाजवळ रात्रभर ठेवलेलं घड्याळ सकाळी मिनिटांनी पुढे पळतं आणि लोक मशीन बिघडलं म्हणून घेऊन येतात.

दुरुस्तीबद्दल स्पष्ट सांगतो: असं घड्याळ आणलंत तर मी ते उघडणार नाही. माझ्या हातावर माझा विश्वास आहे, पण सुटे भाग मिळत नाहीत, पाण्याचा दाब तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि एकदा परक्या हाताने उघडलं की पुढे कंपनीच्या केंद्रात अडचण येते. अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवा, मधे पुण्या-मुंबईपर्यंतचा प्रवास धरून चाला. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सांगतं, म्हणजे अण्णांना हा प्रवास वारंवार करावा लागणार नाही. पट्ट्याची कडी कमी-जास्त करणं एवढं मी इथं करून देईन. जुन्या बाजारातलं घड्याळ स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. साधं मशीन फिरवून डाव्या चावीचं म्हणून विकण्याइतकं काम हुशार कारागीर करू शकतो. तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध बसतो का आणि सरळ आहे का, हे ३१ च्या ३१ दिवस फिरवून बघा.

अचूकतेबद्दल एक गोष्ट राहिली, ती नव्या घड्याळापेक्षा जुन्याला जास्त लागू आहे. उभं राहून हात खाली सोडला की डाव्या मनगटावरच्या साध्या घड्याळाची चावी जमिनीकडे असते. अण्णांच्या उजव्या मनगटावर तीच चावी आभाळाकडे असते. बॅलन्सला, म्हणजे आत मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाला, या दोन स्थितींत फरक पडतो, जुन्या घड्याळात चांगलाच. कारागीर मशीन लावताना चावी खाली ठेवून बघतो, टेबलावर सगळं ठीक दिसतं, आणि घरी गेल्यावर माणूस म्हणतो, "लई मागं पडायलंय हो." दोघंही खरं बोलत असतात. मी डावखुऱ्यांची घड्याळं चावी वर ठेवूनच लावतो. अण्णांचं पायलट मागे-पुढे होत असेल तर त्याला हे एक कारण असू शकतं. ज्याच्याकडे द्याल त्याला "उजव्या हातात बांधतात" एवढं आवर्जून सांगा.

तुम्ही माझं मत विचारलंत. अण्णा प्रवास करणार असतील, चावी टोचत नसेल आणि ४० मिलिमीटर हाताला शोभत असेल, तर रोलेक्सचं डाव्या चावीचं घ्या. नाव नोंदवून वाट पाहायची तयारी ठेवा. टोचत असेल तर मोह सोडा, आणि ३६-३८ मिलिमीटरचं साध्या चावीचं चांगलं ऑटोमॅटिक घेऊन ते उजव्या मनगटावरच बांधू द्या. सोयीचा विचार केला तर एवढंच. पण तुम्ही छड्यांचं लिहिलंत, ते वाचून मला थांबावं लागलं. माझ्या दुकानात अशी बरीच माणसं आली आहेत, ज्यांना ताटावर, पाटीवर, पूजेत, सगळीकडे "तो हात नाही" असं ऐकावं लागलं. अशा माणसाच्या हातात त्याच्या हातासाठी बनवलेली एक वस्तू द्यावी असं मुलांना वाटलं, तर ते मी सोयीच्या हिशोबात धरणार नाही. त्याची किंमत तुम्ही आणि तुमची बहीण ठरवाल.

लाखांचा निर्णय होईपर्यंत एक छोटं काम आहे, तेवढं मला करू द्या. पायलटला तारीख नाही आणि सेकंदाचा काटा मधे आहे, म्हणून ते डाव्या चावीचं करणं शक्य आहे. केस आणि मशीन तसंच ठेवायचं, फक्त तबकडी अर्धी फिरवून बसवायची आणि काटे पुन्हा लावायचे. अडचण एकच. तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. फिरवल्यावर ते जुळत नाहीत, कापावे लागतात आणि तबकडी चिकट ठिपक्यांवर बसवावी लागते. अण्णांची मूळ तबकडी मी कापणार नाही. त्याच मापाची दुसरी काळी तबकडी माझ्याकडे आहे, ती वापरू आणि मूळ कागदात गुंडाळून तुमच्या हातात देऊ. कधीही परत बसवता येईल. चावीची नळी झिजलेली असणार, ती बदलावी लागेल, आणि सगळं तेलपाणी करून चावीच्या दोन्ही स्थितींत लावायला मला चार दिवस हवेत. येताना अण्णांना सोबत आणा, काटे त्यांच्यासमोर बसवतो आणि पहिली चावी त्यांनाच द्यायला सांगतो, तबकडी सरळ धरून, डाव्या हाताने.